कदंबची मडगाव-पणजी शटल : बसची आणि विमानाची भीती वाटणाऱ्यांसाठी

मडगावच्या कदंब स्टँडवर (कदंब म्हणजे गोव्याची सरकारी बससेवा) मधे न थांबणाऱ्या शटलच्या रांगेत उभा राहिलो की माझे हात अजून जरा गार पडतात, पण मी आता आठवड्यातून तीन दिवस ह्याच बसने पणजीला जाऊन येतो आणि गेल्या डिसेंबरात मोपावरून विमानाने दिल्लीला पण जाऊन आलो, आणि ही दुसरी गोष्ट पहिलीमुळे झाली म्हणून हे लिहितोय. बसबद्दल लोक लिहितात ते सीट कशी, एसी कसा, वेळेवर सुटते का ह्याबद्दल. मी लिहितोय ज्यांना बसमध्ये चढायचीच भीती वाटते त्यांच्यासाठी. अशी माणसं आपल्यात खूप आहेत, फक्त ती सांगत नाहीत, गुडघे दुखतात म्हणतात, बस लागते म्हणतात, घराची चावी माझ्याकडे आहे म्हणतात आणि लग्नाला मुंजीला येतच नाहीत. मी पण तेच करायचो.

मी पेटी शिकवतो, म्हणजे हार्मोनियम. घर मडगावात आणि शिकवण्या बऱ्याचशा पणजीत. २०२२ च्या जुलैत एका संध्याकाळी शिकवणी आटपून एका खाजगी बसने परत येत होतो, उभ्याने, पेटी पायाशी, पाऊस धो धो म्हणून खिडक्या सगळ्या बंद, काचांवर वाफ धरलेली, आणि कंडक्टर प्रत्येक स्टॉपवर "फाटीं वचात, फाटीं वचात", म्हणजे मागे व्हा, करत आणखी माणसं आत घेत होता. आगशी सोडली आणि जुन्या जुवारी पुलावर बरोब्बर मधोमध बस थांबली. पुढे ट्रॅफिक. तेव्हा नवीन पूल सुरू झाला नव्हता आणि तो जुना, १९८३ चा, समोरून जड गाडी आली की थरथरायचा, ते बसलेल्याला कमी कळतं, उभ्या माणसाच्या पायाला लगेच कळतं. आणि मला एकदम वाटलं की आता संपलं. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, तोंड कोरडं, कानात पाणी गेल्यासारखं, आणि डोक्यात एकच की दार उघडा मला उतरू द्या. मी ओरडलो पण, दार उघड म्हणून. पुलाच्या मधे कोण उतरू देणार. वीसेक मिनिटं बस तिथेच होती आणि मला ती वीस मिनिटं अजून मिनिटामिनिटाने आठवतात. कुठ्ठाळीला उतरलो, एका दुकानाच्या पत्र्याखाली पेटी घेऊन बसलो आणि धाकट्या भावाला फोन केला, तो गाडी घेऊन आला, काही विचारलं नाही त्याने, फक्त म्हणाला दादा तू मागे आडवा हो.

दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नीट. हे आधी करून घ्या हं, छातीत धडधडलं तर ते मनाचंच आहे असं आपलं आपण ठरवू नका.

त्यानंतर बस बंद केली. स्कूटरने जायला लागलो, तेहतीस-चौतीस किलोमीटर जायचे तेवढेच यायचे, पावसात, हायवेला, आणि घरचे रोज माझी वाट बघत जीव मुठीत धरून बसायचे. म्हणजे बस सोडली ती भीतीमुळे आणि त्याच्याऐवजी जे धरलं त्यात धोका कितीतरी जास्त, पण भीतीला हा हिशोब समजत नाही. मग हळूहळू ट्रेन पण गेली. कोकण रेल्वेत रत्नागिरीजवळ करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, त्यातून मी लहानपणापासून नाही पण लाइन सुरू झाल्यापासून कितीतरी वेळा मुंबईला गेलोय, दारात उभा राहून गेलोय, आणि आता नुसतं आठवलं तरी घाम. मग लिफ्ट. मग नाटकाच्या थिएटरात मधली खुर्ची. दोन शिकवण्या सोडल्या, मुंबईचे दोन कार्यक्रम सोडले, विमानाचा तर प्रश्नच नव्हता, २००९ मध्ये एकदा दाबोळीवरून मुंबईला गेलो होतो तेव्हा टेकऑफपासून लँडिंगपर्यंत पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

पुलाची भीती तर आमच्या पिढीच्या गोव्यातल्या माणसांना थोडी असतेच असं मला वाटतं. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल पडला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. घरातली मोठी माणसं रेडिओला कान लावून बसलेली आठवतात, आणि नंतर सहा वर्षं, १९९२ ला दुसरा पूल होईपर्यंत, फेरीबोटीचे हाल. ते कुठेतरी आत बसलेलं असणार.

शेवटी बायको म्हणाली, अहो पायाचं हाड मोडलं असतं तर गेला असता ना डॉक्टरकडे, मग ह्याला का नाही. बांबोळीला गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजला लागून मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, आयपीएचबी म्हणतात सगळे, तिथे गेलो. ज्यांना लाज वाटते त्यांना सांगतो, तिथे ओपीडीत आपल्यासारखीच माणसं बसलेली असतात, शिक्षक, बँकवाले, कॉलेजची मुलं. डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, तो माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा ठरला. म्हणाल्या, "तुम्हाला पूल पडेल, विमान पडेल ही भीती वाटते, की दार बंद झालं आणि आता उतरता येणार नाही ही?" मी बराच वेळ गप्प बसलो. उत्तर दुसरं होतं. पूल, बोगदा, लिफ्ट, विमान, सगळीकडे तेच एक, दार बंद झालंय आणि ते माझ्या हातात नाही. सगळ्यांचं असं नसतं, काहींना खरंच पडायची भीती असते, काहींना उंचीची, काहींना लोकांसमोर काही होईल ह्याची, म्हणून आपली कुठली ते आधी ओळखायला हवं, कारण औषध त्याप्रमाणे.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो. अशी लाट आली की ती काही मिनिटांत, बहुतेक दहाएक मिनिटांत, सगळ्यात वर जाते आणि मग आपोआप उतरायला लागते, शरीर तेवढं ताणलेलं जास्त वेळ ठेवूच शकत नाही. पण आपण वर असतानाच पळून जातो, उतरून जातो, त्यामुळे मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी आणखी लवकर घाबरवतो. म्हणून लाट उतरेपर्यंत तिथेच थांबायला शिकायचं, आणि ते एकदम मोठ्या ठिकाणी नाही, पायरी पायरीने. पहिली पायरी कुठली ती मीच ठरवायची. मी म्हटलं शटल. त्या म्हणाल्या चांगलं आहे, पण ती आधी नको, चौथी ठेवा.

तर पहिल्या आठवड्यात नुसता मडगावच्या स्टँडवर जाऊन बाकावर बसायचो अर्धा तास आणि बस सुटताना बघायचो. मग सगळीकडे थांबणारी बस पकडून नुवेपर्यंत. मग वेर्ण्यापर्यंत. मग शटल, आणि आता शटलबद्दल.

कदंबची शटल म्हणजे मडगावला बसलात की पणजी, मधे उतरणं नाही. ज्याला गोव्यात राहून माहीत नाही असा कोणी नसेल, पण ह्या नजरेने कुणी बघितलं नसेल म्हणून सांगतो. पहिली गोष्ट रांग. खाजगी बसमध्ये चढताना धक्काबुक्की, कुठली सीट मिळेल, मिळेल का, काही माहीत नसतं, आणि घाबरणाऱ्या माणसाला माहीत नसणं हेच सगळ्यात वाईट. शटलला रांग असते, तुमच्यापुढे किती माणसं आहेत ते मोजता येतं, आणि त्या दिवशी धीर होत नसेल तर मागच्याला म्हणायचं तुम्ही व्हा पुढे, आणि पुढची शटल धरायची, दिवसभर एकामागून एक सुटतात. मी पहिल्या दिवशी तीन शटल सोडल्या. कुणी काही बोललं नाही. चौथीत चढलो.

दुसरं म्हणजे बसून जायचं. उभ्या माणसांची भिंत तुमच्या आणि दाराच्या मधे नसते, तुम्हाला तुमच्या सीटवरून दार दिसतं. हे ज्याला भीती नाही त्याला कळणार नाही, पण दार दिसणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. मी सुरुवातीला दारामागची पहिली किंवा दुसरी सीट घ्यायचो, आता मधली घेतो. चाकाच्या वरची आणि अगदी मागची घेऊ नका, तिथे गचके जास्त बसतात आणि प्रत्येक गचक्याला मन दचकतं. गंमत म्हणजे विमानात पण तेच, पंखाजवळच्या सीटवर कमी हलतं आणि शेपटीकडे जास्त, हे मी बसमध्ये शिकून तिकडे वापरलं.

तिसरं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ती थांबत नाही. लोकांना वाटेल की उतरता येत नाही ह्याची भीती आहे तर न थांबणारी बस कशाला, पण म्हणूनच ती. दार बंद, पाऊण तास ते तास, मधे काही नाही. अगदी विमानासारखं, मुंबईचं विमान साधारण एवढाच वेळ हवेत असतं. फक्त इथे खिडकीतून रस्ता दिसतो, नारळ दिसतात, आणि नुवे गेलं, वेर्णा गेलं, कुठ्ठाळी आलं असं एकेक गाव मोजत जाता येतं. मी वहीत लिहून ठेवायचो कुठल्या गावाला भीती किती, दहापैकी. पहिल्या दिवशी स्टँड सोडताना आठ, वेर्ण्याला नऊ, पुलावर दहा, आणि आगशीला सहा, आणि बांबोळीला त्याच हॉस्पिटलसमोरून बस गेली तेव्हा तीन. पणजीला स्टँडवर उतरलो आणि रडलो, खरंच रडलो, पाटोच्या बाजूला खाडीकडे तोंड करून. मग लगेच परतीची शटल धरली, कारण डॉक्टर म्हणाल्या होत्या त्याच दिवशी परत करा.

पुलाचं सांगतो. आता नवीन जुवारी पुलावरून जातो आपण, केबलचा, आठ लेनचा, एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये. ट्रॅफिकमध्ये पुलावर अडकून बसणं त्यामुळे खूप कमी झालंय आणि माझ्यासारख्याला ह्याचा फायदा किती झाला ते कुठल्या आकड्यात येणार नाही. तरी एकदा अडकलोच, सप्टेंबरात, पुढे कुणाची तरी गाडी बंद पडली होती. लाट आली, तीच जुनी. मी पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं शिकवलं होतं, पण मला आकड्यांनी कधी जमलं नाही, मला भात्याने जमलं. पेटीचा भाता घाईने मारला की सूर थरथरतो, निवांत मारला की लांब आणि सरळ चालतो. मी डोक्यात षड्ज धरला आणि बाहेरचा श्वास त्या सुरावर सोडत राहिलो, मोठ्याने नाही, आतल्या आत. कंडक्टरने माझ्याकडे बघितलं, जवळ येऊन म्हणाला, "बाब, उदक जाय?" आणि स्वतःची बाटली पुढे केली. मी म्हटलं मला बंद जागेची भीती वाटते, ठीक आहे, जाईल. तो म्हणाला "भियेवं नाका, पावलें", म्हणजे घाबरू नका, पोचलोच, आणि माझ्या बाजूच्या दांड्याला धरून तिथेच उभा राहिला, बस हलेपर्यंत. एवढंच केलं त्याने. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही पण त्याला हे कुणी वाचून दाखवलं तर बरं.

गाड्यांबद्दल थोडं. ह्या रूटवर इलेक्ट्रिक एसी बस पण आहेत आणि उघडणाऱ्या खिडक्यांच्या साध्या पण. कोंडल्यासारखं होणाऱ्याने सुरुवात साध्या गाडीने करावी, काच सरकवून तोंडावर वारा घेता येतो. इलेक्ट्रिकला काच उघडत नाही पण इंजिनाची घरघर नाही, गियरचे धक्के नाहीत, त्यामुळे ज्याला आवाजाने त्रास होतो त्याला ती बरी. मी दोन महिने साधी धरली आणि मग मुद्दाम एसी, कारण विमानात खिडकी उघडणार नाहीये. वेळ सकाळी अकरा-साडेअकराची धरा, ऑफिसवाले गेलेले असतात. पेटी मी कडेला किंवा मांडीवर ठेवतो. ज्यांना आगशी नाहीतर गोवा वेल्ह्याला उतरायचंय त्यांच्यासाठी ही बस नाही हे उघड आहे.

दिल्लीचं निमंत्रण आलं ऑक्टोबरात, तिथल्या मराठी मंडळींचा नाट्यसंगीताचा कार्यक्रम, पेटी ते देणार, मी फक्त जायचं. ट्रेनने एक दिवस जास्तच, आणि तबलजीला तेवढी सुट्टी नव्हती. मी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं.

मोपाला कदंबच्या बसनेच गेलो, विमानतळासाठी त्यांची वेगळी बस आहे, आणि ही पण माझ्या पायऱ्यांतली एक पायरी होती, म्हणजे प्रवासाच्या पंधरा दिवस आधी मी आणि बायको नुसतेच मोपाला जाऊन आलो, बाहेर उभे राहून विमानं उडताना बघितली, चहा घेतला आणि परत. हे जरूर करा. ५ जानेवारी २०२३ पासून तिथे विमानं सुरू आहेत, जागा मोठी आहे, पेडण्याचा तो सडा, म्हणजे माळ, उघडा आहे, कोंदट वाटत नाही.

तिकीट सकाळचं काढलं होतं. ऊन चढलं की जमीन तापून हवा वर वर उठते आणि विमान जास्त हलतं, सकाळी हवा शांत असते. सीट पंखाजवळची, कडेची. चढतानाच दारातल्या मुलीला सांगितलं की मला भीती वाटते, ती म्हणाली बरं झालं सांगितलंत सर, आणि नंतर दोनदा येऊन विचारून गेली. लपवू नका, त्यांना ह्याची सवय असते.

आणि आवाज आधी माहीत करून घ्या, माझं अर्धं काम त्याने झालं. उडाल्यावर लगेच खालून धडाक असा आवाज येतो, ती चाकं आत गेली. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज एकदम कमी होतो आणि पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, तेव्हा विमान पडत नसतं, टेकऑफला लागते तेवढी ताकद पुढे लागत नाही म्हणून पायलट ती कमी करतो, विमान चढतच असतं. २००९ ला मला नेमकं तिथेच वाटलं होतं की आपण चाललो खाली. टिंग टिंग वाजतं ते सूचनांचं असतं, धोक्याचं नाही. पंख हलताना दिसतात, ते हलायलाच बनवलेत, प्रत्यक्षात जास्तीत जास्त जेवढा भार येऊ शकतो त्याच्या दीडपट भार टाकून तपासलेले असतात. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर विमान उडतं आणि उतरतं. आणि माझ्यासारख्यांसाठी, आतली हवा कोंडलेली नसते, दर काही मिनिटांनी सगळी बदलते, श्वास पुरत नाही असं वाटतं ते आपण भराभर घेतो म्हणून.

दार बंद केलं तेव्हा लाट आली. दहापैकी नऊ. मी डोळे मिटले नाहीत. मनात म्हटलं मडगाव सोडलं. मग जमिनीवर धावत होतो तेव्हा म्हटलं नुवे. उडालो तेव्हा वेर्णा. चाकांचा धडाक झाला ते कुठ्ठाळी, आणि ढगात हललं ना जरा, तो पूल, आणि मी षड्ज धरून बसलो, तबलजीने माझ्या मनगटावर हात ठेवला होता आणि तो नकळत ठेका देत होता, विलंबित. खाली समुद्र दिसत होता की नाही मला आठवत नाही. मग पट्ट्याचा दिवा विझला, चहा आला, आणि मला कळलं की आगशी गेली.

परतीला चार होती, दहापैकी.

अजून सगळं गेलेलं नाही. करबुड्याचा बोगदा राहिलाय, तो फेब्रुवारीत करणार आहे, मांडवी एक्सप्रेसने, दिवसाची गाडी आहे म्हणून. रायबंदर-चोडण फेरीबोट मला कधीच जड गेली नाही, उघडी असते ना, पण पाण्याची भीती असणाऱ्यांनी सुरुवात तिथे करू नये. गोळ्या मी डॉक्टरांना विचारून पहिले तीन महिने घेतल्या, आता बंद आहेत, त्या पण त्यांनीच हळूहळू बंद केल्या, स्वतःच्या मनाने घेऊ पण नका सोडू पण नका, आणि धीर यावा म्हणून दारू घेऊन विमानात बसणारे असतात त्यांना हात जोडून सांगतो की नको. बांबोळीला जाणं जमत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेली मानसचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत पण बोलतात.

शटलला माझ्याकडून पाचपैकी पाच. रांगेत कुणी हातात पेटी घेतलेला माणूस दिसला आणि तुम्हाला त्या दिवशी एकट्याने चढवत नसेल तर या शेजारी बसा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, अकराच्या सुमारास.